सिंधूबाईंचा साहेब

रोशनीचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओचं शटर अर्ध्यावर उचललं होतं. पावसाळ्यात ते अडकतं, एका हातानं धरून दुसऱ्या हातानं खाली दांडा लावावा लागतो. फोन कानाखांद्यात दाबून मी बोललो, आणि पलीकडून ती इतक्या सपाट आवाजात बोलली की मला आधी कळलंच नाही. तिच्या सासूबाई गेल्या होत्या. पहाटे छातीत दुखतं म्हणाल्या, जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून नागपूरला हलवायला सांगितलं, आणि वरोरा यायच्या आधीच गाडीत... रोशनी तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहून बोलत होती. मागून कोळशाचे ट्रक जाताना ऐकू येत होते. रडणं नव्हतं. तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. म्हणाली, "त्यायचा फोन लागून नाई राह्यला, भाऊ. तुमच्यापासून लागते का पाहा."

'ते' म्हणजे तिचा नवरा प्रफुल, सिंधूबाईंचा एकुलता एक मुलगा. तो भामरागडकडे पुलाच्या कामावर टिप्पर चालवतो. त्या आठवड्यात तिकडं पाण्यानं कहर केला होता, नदी रस्त्यावरून वाहत होती, वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद. मी शटर तसंच अर्ध्यावर सोडलं आणि आत जाऊन खुर्चीवर बसून फोन लावत राहिलो. दर वेळी तीच बाई तेच वाक्य ऐकवायची. ओळखीचा एक बसचालक त्या मार्गावर असतो, त्याला लावला. तो म्हणाला, आमची गाडी अलीकडंच उभी आहे, पुढं रस्ताच नाही. आईच्या मरणाची बातमी मुलाला सांगण्याचं काम माझ्यावर आलं होतं आणि ते माझ्याकडून होत नव्हतं.

सिंधूबाईंना तुम्ही पाहिलं असण्याची बरीच शक्यता आहे. नावानं ओळखणार नाही. डोक्यावर पांढरं हेल्मेट, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, अंगात मात्र साधी गोल साडीच, आणि दोन्ही तळहात समोर उघडे करून "माझ्या हातात काही नाही" म्हणणारी पन्नाशीची बाई. दोन-तीन वर्षांपूर्वी ती क्लिप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली होती. कोणी बँकेवर चिकटवली, कोणी वीज कंपनीवर, कोणी नवऱ्यावर. ती क्लिप ज्या माहितीपटातली होती तो पूर्ण पाहिलेली माणसं मात्र फार नाहीत. तो मी चित्रित केला होता. माझा धंदा लग्नाचा, म्हणजे हळदीपासून वरातीपर्यंत. माहितीपट वगैरे माझ्या घराण्यात कोणी केला नव्हता.

आमची ओळख कारखान्यात झाली. चंद्रपूरच्या बाहेर, कुठल्या दिशेला ते लिहीत नाही, एक लोखंडाचा कारखाना आहे. तिथल्या सुरक्षा सप्ताहाचे, वर्धापनदिनाचे, झाडं लावण्याचे फोटो माझ्याकडं असायचे. एका वर्षी त्यांनी कंपनीवर फिल्म करून मागितली. नाव त्यांनीच ठरवून दिलं होतं, 'आमचा परिवार'. भट्टी, कामगारांची वसाहत, बाग, शेवटी सगळे हात हलवताहेत. त्या शूटिंगला सिंधूबाई कॅन्टीनकडून चहा घेऊन यायच्या. पहिल्याच दिवशी मी साहेबांची मुलाखत घेत होतो आणि साहेब एका वाक्यावर सारखे अडखळत होते. जेवणाच्या सुट्टीत मी कॅन्टीनला गेलो, तर आतून साहेबांचा आवाज आला, तेच वाक्य, तोच अडखळा, घसा साफ करण्याची तीच तऱ्हा. मी घाबरून सरळ उभा राहिलो. आत सिंधूबाई पोळ्या लाटत होत्या आणि भोवतीच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला पाहून त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, कॅमेरा चालू तं नाई ना?"

नकला करण्याचा हा गुण त्यांच्यात चामोर्शीकडच्या माहेरातून आला होता. वडील झाडीपट्टीतल्या नाटकांत हंगामात काम करायचे, बहुतेक विनोदी. मुलगी म्हणून सिंधूबाईंना कोणी स्टेजवर जाऊ दिलं नाही, पण धान कापताना बांधावर त्या वडिलांचा अख्खा पार्ट म्हणून दाखवायच्या. लग्न होऊन चंद्रपूरला आल्या. नवरा कारखान्यात हेल्पर होता, तो लवकर गेला, आणि त्याच्या जागेवर नाही पण कॅन्टीनमध्ये त्यांना काम मिळालं. प्रफुल तेव्हा शाळेत होता. पुढं त्यालाही त्याच कारखान्यात ठेकेदाराकडून क्रेनवर काम लागलं. एवढं झाल्यावर बाईंच्या मनाप्रमाणे आयुष्य बऱ्यापैकी मार्गी लागलं होतं.

मग मालक बदलले. नवीन मालक कुठले, हे कामगारांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आधी सगळ्यांना कंपनीचं नाव छापलेली एकेक छत्री वाटली. महिनाभरानं कॅन्टीन बंद करून चहाचं यंत्र बसवलं. कॅन्टीनच्या बायांचं काम गेलं. त्यानंतर कायम कामगारांना एकेक करून खोलीत बोलावून स्वेच्छानिवृत्ती समजावून सांगण्यात आली. मारोती गेडाम नावाचे फिटर होते, तीस वर्षांची नोकरी. ते बाहेर येऊन म्हणाले होते, "इच्छा त्यायची, निवृत्ती माही." गेटसमोर काही दिवस मंडप पडला, घोषणा झाल्या, नेते येऊन गेले. मंडपाचं कापड उन्हानं फाटलं तेव्हा ते काढून नेलं गेलं, आणि मंडपवाला माझ्याच ओळखीचा असल्यामुळं मला हे ठाऊक आहे की ते कापड पुढं एका बारशाला लागलं.

त्या मंडपात एका दुपारी मी गेलो होतो. सगळे मरगळून बसलेले. कोणीतरी म्हणालं, सिंधूबाई, साहेब होऊन दाखवा. त्या उठल्या, आणि मी केलेल्या कंपनीच्या फिल्ममधलं साहेबांचं भाषण सुरू केलं, शब्दन् शब्द. फक्त मधे एक वाक्य घातलं. "परिवार मोठा झाला की घर लहान पडतं. म्हणून आम्ही घर तेवढंच ठेवलं आणि परिवार लहान केला." मंडप हसून हलला. मारोतीभाऊ डोळे पुसत माझ्याकडं वळले आणि म्हणाले, तुमच्यापाशी कॅमेरा आहे, आमच्यापाशी टाइम आहे, मग काऊन बसून राह्यलो आपण?

असा तो 'आमचा लहान परिवार' सुरू झाला. कल्पना साधी होती. कंपनीची फिल्म जशी होती तशीच, त्याच क्रमानं पुन्हा करायची, फक्त भिंतीच्या बाहेरून, आणि सगळे साहेब काढून टाकलेल्या कामगारांनीच करायचे. मधे मधे ज्यांची नोकरी गेली त्यांनी आपलं नाव, आपलं काम आणि आता काय करतो एवढं कॅमेऱ्याकडं पाहून सांगायचं. त्यात नाटक नाही. सिंधूबाईंसाठी मी ओळखीच्या दुकानातून नवरदेवाचा कोट भाड्यानं आणला होता. त्यांनी त्याच्या बाहीवरून हात फिरवला, घडी केली आणि परत दिला. म्हणाल्या, "कोट नोको, भाऊ. आमच्या घरी भिंतीवर कोटातला एकच माणूस आहे. त्याच्यापुढून हे सोंग घेऊन मी कशी जाऊ?" मला माझीच लाज वाटली. मग हेल्मेटचं सुचलं. कारखान्यात कामगाराचं हेल्मेट पिवळं आणि साहेबाचं पांढरं असतं. मारोतीभाऊंनी आपलं पिवळं हेल्मेट ऑइलपेंटनं पांढरं रंगवलं. ते नीट वाळायच्या आत बाईंनी डोक्यावर चढवलं, त्यामुळं पहिल्या दिवसाच्या सगळ्या दृश्यांत त्यांच्या कानाजवळ केसांना पांढरा रंग लागलेला दिसतो. लोकांना वाटलं मेकअप आहे.

शूटिंगचे ते दिवस आठवले की अजून हसू येतं. मारोतीभाऊ चहाचं यंत्र झाले होते. छातीवर पुठ्ठ्याची बटणं. बटण दाबलं की "कृपया प्रतीक्षा करा" म्हणायचं आणि काहीच द्यायचं नाही. कडक उन्हात कामगारांना कंपनीच्या छत्र्या उघडून रांगेत उभं केलं आणि त्यांच्यासमोर साहेब भाषण देतात, आम्ही तुम्हाला छत्री दिली आहे, छप्पर तुमचं तुम्ही बघा. आणि ते सगळ्यांना माहीत असलेलं दृश्य. एकेक कामगार येऊन विचारतो, साहेब, माझं काय चुकलं? साहेब म्हणतात, माझ्या हातात काही नाही, हे वरून आलं आहे. सगळे वर बघतात. मी कॅमेरा वर नेला. वर एक घार फिरत होती, खरीच, आम्ही सांगितलेली नव्हती. ती तशीच ठेवली. चित्रीकरण संपलं की बाई हेल्मेट काढून आपल्या आवाजात परत यायच्या आणि प्रत्येकाला जेवलास का म्हणून विचारायच्या. डबा न आणलेल्यांना त्या आपल्या डब्यातली भाकर मोडून द्यायच्या आणि स्वतः भूक नाही म्हणायच्या.

पहिला खेळ त्यांच्याच वस्तीतल्या समाजमंदिरात झाला. भिंतीला पांढरी चादर लावली. माणसं बाहेर खिडकीपर्यंत होती. इतकं हसणं मी कुठल्याही लग्नात ऐकलेलं नाही. प्रफुल मित्रांसोबत मागं उभा होता आणि आई पडद्यावर आली की शिट्ट्या मारत होता. संपल्यावर दिवे लावले. लोक उठले नाहीत. मला वाटलं आणखी काही दाखवणार असं त्यांना वाटतंय, म्हणून मी सांगितलं की संपलं. तरी बसून होते. मग पुढच्या रांगेतले एक जण, वयस्क, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "बरं... मंग आता?" हळूहळू एकेक जण चपला शोधू लागला.

पुढं तो माहितीपट मुंबईच्या एका महोत्सवात निवडला गेला. मी आणि सिंधूबाई गेलो. त्यांनी निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती आणि थंडगार हॉलमध्ये पदर अंगभर घेऊन बसल्या होत्या. तिथंही लोक खूप हसले. नंतर एका तरुण मुलीनं फार आपुलकीनं त्यांना विचारलं की ही भूमिका तुम्ही कशी उभी केली. बाई म्हणाल्या, "मी काई उभी केली नाई. मीच उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. ते बोलून राह्यले होते." टाळ्या थांबेनात. लोक येऊन हात मिळवत होते, फोटो घेत होते. परतीच्या गाडीत वर्धा गेल्यावर त्यांनी मला विचारलं की इतक्या लोकांनी पाहिलं, चांगले शिकलेले होते, मोठे होते, तर त्यातला कोणी कोणाला एखादा फोन करील का? कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पिशवीतून स्मृतिचिन्ह काढून त्यांनी साडीच्या काठानं पुसलं आणि परत ठेवलं.

क्लिप फिरायला लागली ती त्यानंतर. कोणी काढली, कोणी टाकली, पत्ता नाही. आठवड्यात ती नागपूर, पुणे, कुठं कुठं पोचली. बाई बाजारात गेल्या की भाजीवाला "साहेब" म्हणून जास्तीची कोथिंबीर द्यायचा. त्यांना आवडत होतं ते, का आवडू नये? आणि एका संध्याकाळी प्रफुल कामावरून लवकर घरी आला. गेटवर त्याचं कार्ड चाललं नव्हतं. ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कारण विचारलं तर म्हणाला मला माहीत नाही, तुला माहीत असेल.

दुसऱ्या दिवशी बाई स्टुडिओत आल्या. एका नवरीचे फोटो काढणं चालू होतं, ते होईपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या. मग विचारलं, क्लिप काढून टाकता येते का? मी त्यांना समजावलं की माझ्याजवळची मी आत्ता काढतो, पण लोकांच्या मोबाइलमधली कशी काढणार. त्यांना ते पटेना असं नव्हतं. पटत होतं, तरी त्या माझ्या संगणकाकडं बघत राहिल्या, जणू त्यात कुठंतरी त्याचं बटण असेल. मी माझी काढली. त्यांच्यासमोर काढली. त्याचा काही उपयोग नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात बाकावर नवरीसोबत आलेल्या पोरींपैकी एकीनं त्यांना ओळखलं आणि सेल्फी मागितला. बाई उभ्या राहिल्या. हसल्यासुद्धा.

प्रफुल आईला काही बोलला नाही, हे त्यांना जास्त लागत होतं. जेवायचा, भिंतीकडं तोंड करून झोपायचा. एकदा त्याच कुशीवर असताना त्यानं म्हटलं म्हणे, "आई, पह्यल्या दिवशी सगळ्यायपेक्षा जास्त मीच हसलो होतो व." एवढंच. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जराही हलला नाही. मग म्हणाल्या, भाऊ, मला साहेबाकडं घेऊन चला. मी पाया पडते, चूक झाली म्हणते, पोराला परत घ्या म्हणते.

मी त्यांना मोटरसायकलवर घेऊन गेलो. गेटवरचा पहारेकरी जुना, ओळखीचा. त्यानं गंमत म्हणून बाईंना सलाम ठोकला. बाईंनी मान खाली घातली तेव्हा तोही ओशाळला आणि आत फोन लावला. मला वाटलं होतं आम्हाला भेटणारच नाहीत, पण बोलावलं. साहेब नवीन होते, पन्नाशीचे, परप्रांतातले, मराठी समजायचं पण बोलताना हिंदीत शिरायचे. बाई दारात येताच ते खुर्चीतून उठले. मला हे मुद्दाम लिहायचं आहे, कारण तो माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं. म्हणाले, मी पाहिली आहे तुमची फिल्म, घरी बायकोलाही दाखवली, तुम्ही फार छान केलं आहे. बाई बसल्या नाहीत. त्यांनी मुलाचं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि पाया पडायला वाकल्या तेव्हा साहेब घाईनं मागं सरकले आणि नको नको म्हणाले. मग त्यांनी आमच्यासमोर ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार म्हणाला कार्ड मी बंद केलेलं नाही. त्यांनी मुख्य कार्यालयात लावला. तिकडून कोणीतरी बराच वेळ काही सांगत होतं. साहेब अच्छा, अच्छा म्हणत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता. त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी दोन्ही तळहात समोर उघडे केले आणि म्हणाले, "बाई... मेरे हाथ में कुछ नहीं है."

त्यांना कळलं आपण काय केलं ते. हात तसेच राहिले, मिटावेत की खाली घ्यावेत हे त्यांना सुचेना. खोलीत आम्ही तिघंच. बाई त्या हातांकडं बघत होत्या, बराच वेळ, जसं एखाद्या आजारी माणसाचे हात बघावेत. कोणी हसलं नाही. शिपाई कागदाच्या कपांत चहा घेऊन आला, यंत्रातला. बाईंनी उभ्या उभ्या तो पूर्ण संपवला, कप कुठं टाकायचा ते विचारलं, आणि आम्ही निघालो. गेटबाहेर आल्यावर मी गाडीला किक मारली तर त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "खोटं नाई बोलून राह्यला होता तो. त्याच्या हातात खरंच काई नाई, भाऊ." मग पदर सावरून मागं बसल्या.

वर्षभरानं त्या साहेबांनाही काढल्याचं मारोतीभाऊंनी येऊन मोठ्या खुशीत सांगितलं होतं. बाई तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, त्यालेबी लेकरं असतीन. मारोतीभाऊंची खुशी तिथंच विरली.

प्रफुलला चंद्रपुरात क्रेनवर कोणी ठेवेना. जिथं जाईल तिथं आधी हसून, तू साहेबाचा मुलगा ना, म्हणायचे आणि मग फोन नंबर लिहून घ्यायचे. शेवटी तो गडचिरोलीकडं पुलाच्या कामावर गेला. महिन्यातून एकदा यायचा, पावसाळ्यात तेही नाही. बाई लग्नांच्या स्वयंपाकाला जायला लागल्या, म्हणजे आमच्या भेटी पुन्हा वाढल्या. मी मांडवात, त्या मागं चुलीवर. गेल्या उन्हाळ्यात चामोर्शीजवळच्या एका लग्नात, त्यांच्याच माहेरच्या शिवेला लागून असलेल्या गावात, नवरदेवाच्या मामांना कोणीतरी सांगितलं की मागं पुऱ्या लाटतेय ती क्लिपवाली बाई आहे. मामांनी माइक घेतला. टाळ्या सुरू झाल्या. बाई नाही म्हणत होत्या, आचारी म्हणाला जा ना बाई, एक मिनिटाचं तर काम. त्या पिठाच्या हातांनी तशाच स्टेजवर आल्या. माझा कॅमेरा त्यांच्यावर होता, तो मी खाली घ्यायला हवा होता की नको, तेवढं ठरवायलाही वेळ मिळाला नाही. त्या उभ्या राहिल्या. तोंड उघडलं, शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. समोर सगळं गाव, त्यात त्यांच्या बालपणी वडिलांची नाटकं पाहिलेले म्हातारेही असतील. शेवटी त्यांनी नुसते दोन्ही हात पुढं केले, कोपरापर्यंत पीठ माखलेले. लोक खदखदून हसले. त्यांना वाटलं, हाच विनोद आहे.

मागं जाऊन पाहिलं तर त्या पुन्हा लाटायला बसल्या होत्या. मला म्हणाल्या, जेवून घ्या भाऊ, भीड करू नका. ती आमची शेवटची भेट ठरली.

त्या गेल्या त्या दिवशी सगळे प्रफुलची वाट बघत थांबले. माझे फोन चालूच होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो, मग वस्तीतल्या जाणत्यांनी सांगितलं की आता आणखी ठेवता येणार नाही. बुद्धवंदना झाली. रोशनीनं अग्नी दिला. मारोतीभाऊ बाजूला उभे राहून सारखा चष्मा पुसत होते. प्रफुलला बातमी लागली ती त्या संध्याकाळी, टेकडीवर कोणाच्या तरी मोबाइलला रेंज आली तेव्हा. तो तसाच नदीपर्यंत चालत आला. ज्या पुलाचं काम तो करत होता तो अजून अर्धाच होता आणि जुना पाण्याखाली. तो घरी पोचला तेव्हा चितेची राखसुद्धा सावडून झाली होती. मी त्याला भेटलो तेव्हा काही बोलायचं म्हणून बोलू लागलो, तर त्यानं मला थांबवलं. "काठावर बसून होतो, भाऊ. पाणी उतराची वाट पाहत. मी म्हणलं कोणाले तरी शिवी द्यावं... पण नदीले का म्हणू?"

परवा त्यांच्याकडं गेलो होतो. प्रफुल दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाणार होता, पिशवी भरून दाराशी ठेवलेली. बाईंचा फोटो कोणता लावायचा ते ठरत नव्हतं म्हणून मला बोलावलं होतं. मी सोबत नेलेले सगळे फोटो आम्ही पाहिले आणि एकही नक्की झाला नाही. रोशनी आत चहा ठेवत होती. बसल्या जागेवरून दिसत होतं की चुलीवर मोठा गंज, म्हणजे खोल पातेलं, आहे आणि ती त्यात तांब्यावर तांब्या पाणी ओतते आहे. प्रफुलनं विचारलं, तिघांना इतका? ती म्हणाली की तिला असाच येतो, आईंनी शिकवला तो असाच. मग मला सांगू लागली. कॅन्टीन सुटलं तरी आईंना थोडा चहा करणं कधी जमलंच नाही. मूठभर साखर, मूठभर पत्ती, गंज भरून दूध-पाणी. फेकवत नाही म्हणून रोज पाच वाजता त्या दारात उभं राहून हाक मारायच्या आणि गल्लीतल्या बाया आपापले कप घेऊन यायच्या. आता त्या येत नाहीत. बिचाऱ्यांना संकोच वाटत असेल. आणि हाक कशी मारायची, ते रोशनीला कळत नाही.

चहा चांगला झाला होता, आलं ठेचून घातलेला. मी दोन कप प्यालो. प्रफुलनं तीन घेतले, तिसरा कप घेऊन तो दाराशी जाऊन उभा राहिला. बाहेर कोणी नव्हतं. समोरच्या घरातली बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती, तिनं आमच्या दाराकडं एकदा पाहिलं आणि कपडे घेऊन आत गेली. पाच वाजून गेले होते. रोशनीनं गंजात डोकावून पाहिलं, अर्ध्याहून जास्त उरला होता. तिनं त्याच्यावर ताट झाकलं आणि चुलीजवळच, गरम राहील असा, सरकवून ठेवला.